बरे झालो, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह का?

हेपटायटिस सी म्हटलं की एक प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो. "बारा आठवडे गोळ्या घेतल्या, डॉक्टर म्हणाले बरे झालात. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर एचसीव्ही पॉझिटिव्ह! आजार उलटला का हो?"

बहुतेक वेळा नाही. ऑपरेशनआधी सहसा अँटीबॉडी तपासतात. अँटीबॉडी म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं. विषाणू गेला तरी ती वर्षानुवर्षं, बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. म्हणून बरं झाल्यावर ही तपासणी पुन्हा करून हाती काही लागत नाही, उलट घरभर घबराट.

विषाणू आत्ता आहे का, हे सांगते आरएनए पीसीआर, म्हणजेच व्हायरल लोड. ती करायची शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी. इतकं का थांबायचं? गोळ्या चालू असताना विषाणूची वाढ अडलेली असते, त्यामुळे कोर्स संपताना रिपोर्ट चांगलाच दिसतो. थोडा विषाणू मागे उरला असेल तर औषध थांबल्यावर तो वाढतो आणि बहुधा या बारा आठवड्यांतच सापडतो. तेव्हाही सापडला नाही, तर डॉक्टर रुग्ण बरा झाला असं धरतात. हेपटायटिस बी असा पेशीच्या केंद्रकात दडून राहतो, सी राहत नाही. दोन्हींची गल्लत फार होते.

रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे काहीच सापडलं नाही. 'डिटेक्टेड, 15 पेक्षा कमी' असं असेल तर अगदी पुसटसं काहीतरी दिसलंय, मोजण्याइतकं नाही. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आणि उपचाराआधीचा आकडा लाखांत होता म्हणून यकृत जास्त खराब, असंही नसतं. त्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत.

ज्यांना सिरोसिस झालाय, त्यांनी मात्र विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडू नये. कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय या अँटीबॉडी संरक्षण देत नाहीत. दूषित सुई-सिरिंजमधून लागण पुन्हा होऊ शकते, आणि तेव्हाही पीसीआरच करावी लागते.

खर्चाचं म्हणाल, तर 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बारा आठवड्यांनंतरच्या त्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी कुणी 'पॉझिटिव्ह' म्हणालं की आधी तो दाखवा.