गुदगत रक्तस्राव : प्रत्येक वेळी अर्शच नव्हे

सुश्रुताचार्यांनी अर्शाची गणना अष्टमहागदांत केली आहे. तरीही रक्त दिसताच ‘मूळव्याध’ म्हणून औषध देण्याची घाई आपल्याकडून होते. मलत्यागानंतर थेंबथेंब पडणारे वेदनारहित लाल रक्त बहुधा रक्तार्शाचे, तर तीव्र वेदनेसह येणारे परिकर्तिकेचे असते. मात्र अर्श आढळले म्हणून कर्करोग नाही, असे ठरत नाही. मलमिश्रित रक्त, बदललेली मलप्रवृत्ती, वजनातील घट, पांडुता किंवा वयाच्या ४५ वर्षांनंतर प्रथमच रक्तस्राव असल्यास गुदपरीक्षण करून रुग्णास रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. लोहकल्पांनी मल काळा होतो. परंतु डांबरासारखा चिकट, दुर्गंधी मल, अतिस्राव वा भोवळ असल्यास क्षणाचाही विलंब नको. औषधविक्रेत्या बंधूंनीही वारंवार अर्शौषध नेणाऱ्यास प्रथम तपासणीस पाठवावे.