पीआर मिळाला म्हणजे हुद्दा मिळाला असं नव्हे

कॅनडाला गेलेल्या मुलामुलींबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "एम.टेक. झालेला पोरगा तिकडे वेअरहाऊसमध्ये खोकी उचलतोय," हे पहिलं. आणि त्याच्या पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, "मग त्याच्यातच काहीतरी कमी असणार." पहिलं पुष्कळदा खरं असतं. दुसरं सहसा खोटं असतं, पण बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेचे आकडे बघा. परदेशी पदवी घेऊन आलेल्या स्थलांतरितांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक लोक अशा कामांवर होते, जिथे फार तर शालान्त शिक्षण पुरतं. कॅनडात शिकलेल्या पदवीधरांशी तुलना केली तर हे प्रमाण दुप्पट. इतक्या लोकांत 'काहीतरी कमी' असेल, तर गुण मोजून त्यांना निवडणाऱ्या सरकारलाच आधी जाब विचारायला हवा.

"सरकारनेच माझी पदवी मान्य केली आहे, मग अडचण कसली?" सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. २०१५ पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एन्ट्री या स्थलांतरितांच्या निवडपद्धतीत शिक्षणाला घसघशीत गुण मिळतात. एकट्या अर्जदाराला पदव्युत्तर पदवीसाठी १३५. त्यासाठी आपल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. पण त्या अहवालाचा अर्थ एवढाच, की ही पदवी तिकडच्या अमुक पातळीच्या शिक्षणाइतकी आहे. व्यवसाय करायचा परवाना त्यात नसतो. कायम रहिवासी (पीआर) म्हणून स्थलांतरितांची निवड प्रामुख्याने संघीय सरकार करतं, परवाना प्रांतातली व्यावसायिक संस्था देते आणि नोकरी मालक देतो. एकाचा होकार दुसऱ्यावर बंधनकारक नाही.

परवान्याची गरज साधारण पाचातल्या एकाच नोकरीला असते, पण डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, अभियंते नेमके त्यातच येतात. डॉक्टरला परीक्षा द्याव्या लागतात, आणि नंतर बहुतेकांसाठी रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, जागेची वाट बघणं आलं. परदेशात शिकलेल्यांना या जागा मोजक्याच मिळतात. त्यामुळे परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही माणूस बाहेरच राहू शकतो. त्याच जनगणनेत परदेशी वैद्यकीय पदवीधरांपैकी ४१.१ टक्के, आणि परदेशात परिचर्या शिकलेल्यांपैकी अवघे ३६.५ टक्के आपल्या किंवा अगदी जवळच्या व्यवसायात होते. कॅनडात शिकलेल्यांमध्ये हेच प्रमाण दहापैकी नऊच्या आसपास आहे. रुग्णालयं माणसं नाहीत म्हणून ओरडतात आणि शिकलेली नर्स वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबते, याला अव्यवस्था याखेरीज दुसरं नाव सुचत नाही.

अभियंत्यांचा एक खास गैरसमज आहे: "भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये आहे, म्हणजे आपली बी.ई. चालते." भारत २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या या कराराचा पूर्ण सदस्य झाला, हे बरोबर. पण मान्यता मिळते ती एनबीए या भारतीय मानांकन संस्थेने 'टियर १' दर्जा दिलेल्या अभ्यासक्रमांना, आणि ते मुख्यतः स्वायत्त संस्थांमध्ये आहेत. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुसंख्य महाविद्यालयांचे अभ्यासक्रम त्यात बसत नाहीत. २०१४ च्या आधीची पदवी तर बाहेरच. आणि अभ्यासक्रम बसला तरी परवाना वेगळा काढावाच लागतो.

"इंग्रजी कच्चं, म्हणून मुलाखतीचं बोलावणं येत नाही." हे स्थलांतरितांना स्वतःलाही पटलेलं असतं. टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ऑरिओपोलस यांनी टोरांटोतल्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवून हे तपासलं. त्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी अनुभव किंवा भारतीय, पाकिस्तानी, चिनी वळणाचं नाव असलेल्या अर्जांना इंग्रजी नावाच्या अर्जांपेक्षा स्पष्टपणे कमी प्रतिसाद मिळाला. नोकरी देणाऱ्यांनी कारण सांगितलं ते भाषेचं. पण अर्जात भाषेवरच्या प्रभुत्वाचा उल्लेख घातला तरी फरक पडला नाही! भाषा सुधारावीच, ती रोज लागते. पण प्रत्येक नकाराचं खापर आपल्या उच्चारांवर फोडून घेऊ नये.

"कॅनेडियन एक्स्पिरियन्स हवाच, तसा कायदाच आहे." उलट आहे. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच ही अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरवली. तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये परवान्यासाठीची ही अट काढली. १ जानेवारी २०२६ पासून त्या प्रांतात २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ती घालता येत नाही. अर्थात, जाहिरातीतून गेलेली अट मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यातून जाईलच असं नाही. गंमत म्हणजे खुद्द एक्स्प्रेस एन्ट्रीच्या मूळ गुणांतही कॅनडातल्या अनुभवाला थेट गुण आहेत. परदेशी अनुभव मात्र भाषा किंवा कॅनडातला अनुभव अशा दुसऱ्या कशाची जोड असेल तरच मोजला जातो.

टॅक्सी चालवणारे डॉक्टर ही दंतकथा नाही. पण २००६ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या घरात असलेल्या टॅक्सीचालकांत डॉक्टर किंवा पीएच.डी. झालेले स्थलांतरित काही शेकडाच होते. सुशिक्षित माणसं जास्त अडकतात ती गोदामात, दुकानात, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

राहिला "सर्व्हायव्हल जॉब, सहा महिने करू आणि सोडू" हा हिशेब. भाडं भरायला हे काम करण्यात कमीपणा काहीच नाही. पण पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला अभ्यासाला वेळ उरत नाही, आणि परिचर्येसारख्या व्यवसायांत परवाना संस्था अलीकडच्या काही वर्षांतल्या प्रत्यक्ष सेवेचा पुरावा मागतात. म्हणजे वाट बघण्यातच पात्रता शिळी होते. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाने त्याच त्या लोकांची २००६ आणि २०१६ ची स्थिती ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही वेळा शिक्षणापेक्षा खालच्या कामात सापडण्याचं प्रमाण स्थलांतरितांमध्येच जास्त निघालं.

म्हणून जाणाऱ्यांनी तिकिटाआधी ज्या प्रांतात उतरायचं तिथल्या परवाना संस्थेच्या अटी वाचाव्यात. डॉक्टरांची पहिली परीक्षा, एमसीसीक्यूई भाग १, भारतातूनही देता येते. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट्स इथे असतानाच काढा; नंतर त्यासाठी मेहुण्याला परीक्षा विभागात खेटे घालावे लागतात. आणि मागे राहिलेल्यांनी "अजून तेच काम का?" असं विचारण्याऐवजी परवान्याचं कुठवर आलं, हे विचारावं.