गरिबी पुढच्या पिढीकडे कशी जाते?

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरला लागून देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. ते १९२७ साली सुरू झालं. १९७०च्या दशकात शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांना इथे वसवण्यात आलं. आज त्यांची नातवंडं इथेच वाढत आहेत.

इथल्या अनेकांची कमाई रोजंदारीची: भंगार वेचणं, जरीकाम, नाक्यावरची मजुरी, घरकाम. खाडा झाला की मजुरी बुडते. घरात क्षयरोग आला, तर सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, पण बुडालेली मजुरी परत मिळत नाही. मग व्याजाने पैसे काढावे लागतात. मुलगा शाळा सोडून कामाला लागतो. थोरली मुलगी पाणी भरते, धाकट्यांना सांभाळते आणि तिचं लग्नही लवकर उरकलं जातं. शिक्षण अर्धवट राहिलेल्या या मुलांच्या वाट्याला पुढे पुन्हा रोजंदारीच येते.

आईबापांच्या मायेत वा कष्टांत काहीच कमी नसतं. कमी असते ती अडचणीचा महिना निभावण्यापुरती शिल्लक. घरात नळ, वस्तीत पाळणाघर, जवळ माध्यमिक शाळा आणि आजारपणात रोख मदत मिळाली, तर कित्येक मुलांची शाळा सुटणार नाही. ही जबाबदारी महापालिकेने आणि राज्य सरकारने उचललीच पाहिजे.