फायटो बागेतच सुरू होतो

१ मे २०१४ रोजी, ऐन हापूसच्या हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. युरोपचा आक्षेप नुसत्या किडीवर नव्हता. माल कीडमुक्त असल्याची सरकारी हमी देणाऱ्या आपल्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राच्या, म्हणजे ‘फायटो’च्या, व्यवस्थेवरच होता.

फळमाशी अंडी घालते सालीखाली. वरून फळ देखणं असतं, म्हणून नुसत्या नजरेची तपासणी पुरत नाही. त्यावरचे उपाय ठाणे जिल्ह्यातच, वाशीला, कृषी पणन मंडळाच्या केंद्रांत उभे राहिले. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवायचा, जपानसाठी उष्ण बाष्पाची प्रक्रिया, तर अमेरिकेसाठी विकिरण. अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं होतं ते लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे. पुढे ती सोय वाशीतही झाली. जानेवारी २०१५ मध्ये युरोपने आंब्यावरची बंदी उठवली. भाज्यांना मात्र आणखी थांबावं लागलं.

या काळातला मोठा बदल यंत्रांचा नाही, नोंदींचा आहे. निर्यातीसाठीच्या ऑनलाइन नोंदणीत बागा ‘मँगोनेट’वर आणि भाजीची शेतं ‘व्हेजनेट’वर नोंदवली जाऊ लागली. पॅकहाउसमधल्या पेटीवरून थेट शेतापर्यंत माग काढता येऊ लागला. शहापूर-मुरबाडच्या भेंडी उत्पादकालाही परदेशी बाजार गाठायचा तर हाच रस्ता आहे.

मे २०२५ मध्ये वाशीत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. कारण किडीचं नव्हतं, प्रक्रियेच्या कागदपत्रांतल्या त्रुटीचं होतं. आंबा परत आणणं परवडण्यासारखं नव्हतं. तो तिथेच नष्ट करावा लागला.

२०१४ मध्ये किडीने अडवलं, २०२५ मध्ये कागदाने. फळाइतकीच त्याची नोंद निर्दोष हवी, हे या दोन तडाख्यांनी दाखवलं. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा ‘रक्षक’ सापळा झाडाला टांगणं, गळालेली फळं वेचून नष्ट करणं आणि फवारणीची वही रोज लिहिणं ही निर्यातीचीच कामं आहेत. ती नेमकी कशी करायची, हे लहान बागायतदाराला हंगामाआधी, त्याच्या बागेत जाऊन शिकवायला हवं. पॅकहाउसच्या दारात पेटी नाकारली जाते तेव्हा शिकवण्याची वेळ निघून गेलेली असते.