सूर्यास्तापूर्वीचे ताट : रुग्णसेवेच्या घरातील सोपा स्वयंपाक

नागभीडसारख्या धानपट्ट्यातील गावी नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने व्यापारी कुटुंबांच्या धावपळीचे असतात. नवे धान बाजारात येते, काट्यावर पोती चढू लागतात, हिशेब रात्रीपर्यंत लांबतो. नेमका याच काळात दिवस लहान होतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. ज्या घरी एखादी वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळलेली आहे, तेथे औषधे, पथ्य, अंग पुसणे आणि दुकानाचा डबा यांत सेवा करणाऱ्या सुनेचे स्वतःचे ताट सूर्यास्तापूर्वी वाढायचे राहून जाते. चौविहाराचा नियम असल्याने ती रात्री जेवत नाही, आणि घरातील मंडळी तो तिचा उपवास समजतात.

वस्तुतः तो उपवास नव्हे. उपवासाला पच्चक्खाण, म्हणजे समजून-उमजून घेतलेला संकल्प लागतो. नाइलाजाने सोसलेल्या भुकेने फार तर अकाम निर्जरा घडते. उलट वैयावृत्त्य, म्हणजेच सेवा, हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक मानले आहे. ते तप दीर्घकाळ चालायचे असेल, तर ते करणाऱ्या देहाला वेळेवर अन्न मिळालेच पाहिजे.

कोरडी तयारी

‘दोन दिवसांचे एकदम शिजवून शीतकपाटात ठेवा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला वासी अन्न वर्ज्य मानणाऱ्या घरात उपयोगी पडत नाही. येथे श्रम वाचवायचे ते कोरड्या तयारीत. आठवड्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात तांदूळ व मुगाची डाळ निवडून एकेका वेळेची मापे डब्यांत भरून ठेवावीत. सुंठ, जिरेपूड, हिंग व हळद यांचे मिश्रण एका बरणीत असावे. दोन भाग तांदूळ व एक भाग मुगाची डाळ वेगवेगळी भाजून जाडसर दळली, की पेजेचे पीठ तयार होते; तीन चमचे पीठ दीड वाटी पाण्यात कालवून ढवळत शिजविल्यास दहा मिनिटांत पेज होते. पिठाची काळमर्यादा आपापल्या परंपरेप्रमाणे पाळावी आणि पावसाळ्यात थोडेच दळावे.

एक कुकर, तीन ताटे

या तालुक्याने देशाला एक उत्तम तांदूळ दिला आहे. नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध केले; त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला हे नाव पडले. २०१८ मध्ये दादाजींचे निधन झाले. त्यांचा बारीक दाण्याचा तांदूळ मात्र आजही घरोघरी शिजतो. रुग्णाच्या खिचडीसाठी तो सोयीचा आहे.

एक वाटी तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी. पाच वाट्या पाणी व वरील मिश्रणाचा एक चमचा घालून, मीठ न घालता, कुकरच्या चार-पाच शिट्ट्या कराव्यात. प्रथम रुग्णाचा भाग काढून गरम पाण्याने सैल करावा, घोटावा आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच मीठ व तूप घालावे. उरलेल्या भागात मीठ घालून तूप, जिरे व लवंगेची फोडणी द्यावी. त्यातून दुकानाचा डबा भरतो आणि सेवा करणारीचे ताटही वाढले जाते. एरवी याच कुकरात दुधी किंवा दोडका घालता येतो. अष्टमी-चतुर्दशीला मुगवड्या व पापड पुरेसे होतात. खिचडीसोबत कच्चे दही वा ताक दिल्यास द्विदलाचा दोष लागतो, हे घाईत विसरू नये.

डॉक्टरांना विचारावे असे काही

सायंकाळी साडेपाचला जेवण आणि सकाळी नवकारशीनंतर न्याहारी, असे केल्यास मध्ये सुमारे चौदा तास जातात. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर या काळात धोकादायकरीत्या उतरू शकते; म्हणून जेवणाची खरी वेळ डॉक्टरांना सांगून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. नुसत्या तांदळाची पातळ पेज साखर झपाट्याने वाढवते. अशा रुग्णासाठी डाळीचे प्रमाण अधिक ठेवावे. रात्री पाणी आवश्यक असल्यास चौविहाराऐवजी तिविहाराचा मार्ग आहे. रुग्णाला बसवून लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानी घालावे.

मोठ्या उपचारांसाठी सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. रुग्णासोबत जाणाऱ्याच्या पिशवीत खाकरे, भाजलेले मुरमुरे, सुका मेवा आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास असला, की रुग्णालयाच्या दारी भोजनाची चिंता उरत नाही.

ताटांचा क्रम

वरील कृतींना वेळ थोडा लागतो. खरा बदल हवा तो घराच्या क्रमात. हंगामातही पाच वाजता दुकानातील एकाने घरी यावे, अर्धा तास रुग्णाजवळ बसावे आणि परतताना दुकानाचा डबा घेऊन जावे. तेवढ्या अर्ध्या तासात सेवा करणारीने बसून, सावकाश जेवावे. काट्यावरचे पोते अर्धा तास थांबू शकते. सूर्य कोणासाठी थांबत नाही.