लिनक्सची फायरवॉल : मानस आहे, पण दार कोणी लावायचे?

पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठच्या चोपडे-आगरवाडा भागातील माणसाला मानस म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीचे दार मिटते आणि खारे पाणी खाजन शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर पडते. संगणकातील फायरवॉलचे कामही नेमके हेच असते. आतून बाहेर जाणारी वाट मोकळी ठेवायची, बाहेरून न बोलावता येणाऱ्याला अडवायचे.

हा विषय आज चर्चेत येण्याचे कारण घराघरांतील जुने संगणक हे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक अजून धडधाकट आहेत आणि त्यांच्यासाठी लिनक्स हा विनामूल्य पर्याय आहे. गोव्याला तो अगदीच नवा नाही. या शतकाच्या आरंभी राज्यातील शाळांना संगणक पुरविण्याच्या उपक्रमात लिनक्सचा वापर झाला होता. मात्र तेव्हा संगणक प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली असे. आता तो चोपडे, मोरजी, मांद्रे येथील अतिथिगृहाच्या टेबलावर असतो आणि मालकाचा संगणक व रोज बदलणाऱ्या पाहुण्यांचे फोन पुष्कळदा एकाच वाय-फायवर चालतात.

अशा वेळी प्रश्न उभा राहतो : लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये फायरवॉल हाताळण्याची सोय मुळातच असावी की नको?

मुळात फायरवॉल लिनक्समध्ये आहेच. नेटफिल्टर ही यंत्रणा त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अनेक वर्षांपासून बसविलेली आहे. तिला नियम सांगण्यासाठी आधी आयपीटेबल्स आणि २०१४ पासून एनएफटेबल्स ही साधने आली. ती जाणकारांसाठी आहेत. त्यांवर सोपा थर म्हणून उबुंटूने यूएफडब्ल्यू आणले. या नावाचा अर्थच ‘गुंतागुंत नसलेली फायरवॉल’ असा आहे. तरीही उबुंटूत ती आरंभी बंद असते आणि सुरू करण्यासाठी काळ्या खिडकीत आज्ञा टंकावी लागते. फेडोरा व ओपनसुसे यांत फायरवॉलडी आरंभापासून चालू असते. लिनक्स मिंटमध्ये जीयूएफडब्ल्यू हे चित्ररूप साधन सोबत मिळते, पण फायरवॉल बंदच असते. केडीई प्लाझ्माने फेब्रुवारी २०२१ च्या ५.२१ या आवृत्तीबरोबर सेटिंग्जमध्ये फायरवॉलचे पान आणले. नोमच्या सेटिंग्जमध्ये ते नाही. म्हणजे मानस सर्वत्र बांधलेली आहे, तिचे दार कुठे लागलेले आहे, तर कुठे उघडे.

असे पान नको म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. नव्याने बसविलेल्या लिनक्स डेस्कटॉपवर बाहेरून येणाऱ्या संदेशांची वाट पाहणाऱ्या सेवा थोड्याच असतात. जिथे दारच नाही तिथे कडी कशाला, असे ते विचारतात. घरातील राउटर बाहेरचे बहुतेक संपर्क अडवतोच. शिवाय फायरवॉल चुकीच्या पद्धतीने लावली तर छपाईयंत्र सापडत नाही, फोन व संगणक यांच्यातील फाइलींची देवाणघेवाण थांबते आणि वैतागलेला माणूस सगळीच सुरक्षा बंद करून टाकतो.

परंतु ‘सेवा थोड्याच असतात’ या विश्वासाला सप्टेंबर २०२४ मध्ये तडा गेला. सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतील दोष उघड केले. जाळ्यावरील छपाईयंत्रे शोधणारी एक छोटी सेवा ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कोणाचाही संदेश खरा मानून स्वीकारत होती. त्यातून खोटे छपाईयंत्र जोडता येत होते आणि वापरकर्त्याने त्यावर छपाई सुरू करताच परक्याची आज्ञा संगणकावर चालू शकत होती. ही सेवा चालू आहे, याची कित्येकांना कल्पनाही नव्हती. बाहेरून येणारे संपर्क नाकारणारी फायरवॉल चालू असती, तर हा संदेश दारातच अडला असता. राउटरचा इथे उपयोग नाही, कारण त्याच वाय-फायवरील पाहुणा राउटरच्या आतच असतो.

विंडोजचा इतिहासही हेच सांगतो. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल पहिल्यापासून होती. पण ती बंद, नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये दडलेली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या वर्मने जगभरातील संगणक बेजार केले. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू केली आणि सुरक्षेचे पान समोर आणले. साधन असणे आणि ते सामान्य माणसाच्या हाताशी असणे, यांतील अंतर त्या एका वर्षात सर्वांना कळले.

म्हणूनच ही सोय डेस्कटॉपमध्येच हवी, पण नियमांच्या लांबलचक तक्त्याच्या रूपात नको. नव्या वाय-फायला जोडताना ‘हे जाळे घरचे की सार्वजनिक?’ एवढाच प्रश्न विचारावा. सार्वजनिक म्हटल्यास बाहेरची दारे आपोआप लागावीत. घरच्या जाळ्यावर छपाईयंत्र किंवा फाइलींची देवाणघेवाण सुरू केली, तर तेवढेच दार उघडावे. फायरवॉल वितरणाने पुरवावी हे खरे. मात्र माणूस कोणत्या जाळ्याला जोडला जात आहे, हे त्याला विचारण्याची जागा डेस्कटॉपच आहे. आणि हा प्रश्न मराठीतूनही विचारला जावा.

तोवर थांबण्याचे कारण नाही. मिंटच्या मेनूत ‘फायरवॉल’ शोधून कळ चालू करावी. येणाऱ्या संपर्कांना नकार, जाणाऱ्यांना परवानगी, ही मांडणी बहुतेकांना पुरते. प्लाझ्मात सेटिंग्जमध्ये पाहावे. उबुंटूत जीयूएफडब्ल्यू बसवून घ्यावे. छपाई अडल्यास संपूर्ण फायरवॉल बंद न करता तेवढ्यापुरती सूट द्यावी.

फायरवॉल खोट्या बँकेचा दुवा उघडण्यापासून किंवा फोनवर ओटीपी सांगण्यापासून कोणाला वाचवत नाही; तिथे माणसाची सावधगिरीच कामी येते. तिचे काम मर्यादित आहे आणि मानशीचेही तसेच असते. मात्र दार उघडे राहिले आणि खारे पाणी एकदा शेतात शिरले, तर त्याची किंमत काय असते, हे खाजन कसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.