प्रकाश करतो गुणाकार

चॅटबॉटला प्रश्न विचारला की दूरच्या डेटा सेंटरमध्ये आकड्यांच्या प्रचंड तक्त्यांचे गुणाकार सुरू होतात. त्यात चिप तापतात आणि त्यांना थंड ठेवायला पुन्हा वीज लागते. हे काम प्रकाशाकडे सोपवले तर?

सिलिकॉन आपल्याला अपारदर्शक दिसते, पण सुमारे १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण त्यातून आरपार जातात. म्हणून चिपवर केसापेक्षा कितीतरी बारीक सिलिकॉनच्या वाटा कोरून त्यांतून लेसरचा प्रकाश नेता येतो. एका ठिकाणी वाट दुभंगते. एका फाट्यावरच्या इवल्या हीटरने सिलिकॉन किंचित तापवले की तिथल्या लहरी जराशा मागे पडतात. पुढे फाटे पुन्हा एकत्र येतात. लहरींचे उंचवटे जुळले तर प्रकाश वाढतो. उंचवट्यावर खळगा आला तर प्रकाश मावळतो. कोणत्या वाटेने किती प्रकाश बाहेर पडेल, हे असे ठरवता येते. आलेल्या प्रकाशाला हव्या त्या आकड्याने गुणायचे ते असे.

२०१७ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी अशा ५६ रचनांच्या चिपवर चार स्वरध्वनी ओळखून दाखवले. अचूकता सुमारे ७७ टक्के होती, नेहमीच्या संगणकाची जवळपास ९२. कारण एका हीटरची उष्णता शेजारी पसरते, प्रकाश मोजतानाही चूक शिरते. शिवाय आकडे साठवायला इलेक्ट्रॉनिक स्मृतीच लागते, आणि विजेचे प्रकाशात व प्रकाशाचे विजेत रूपांतर करायला ऊर्जा खर्च होते.

त्यामुळे प्रकाशाची चिप आजच्या चिपला हटवणार नाही. तिच्या जोडीने गुणाकारांचा भार उचलेल. विजेची मागणी वाढत असताना तेवढी मदतही मोलाची आहे.